गिअर सायकलची 'बीबी' : परत पाठवू नये असे काम

सायकल दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांपासून आहेत. कुणाचे पक्के दुकान आहे, कुणाची रस्त्याकडेला पाण्याचे टोपले, पंप आणि हत्यारांची पेटी. या दुकानांपुढे गेल्या काही वर्षांपासून एक निराळे गिऱ्हाईक उभे राहू लागले आहे. त्याची सायकल जाड टायरची, गिअरची, पुढे शॉकअप असलेली. तिला माउंटन बाइक म्हणतात, मग ती कधी डोंगरावर जावो न जावो. पंक्चर, ब्रेकचे रबर, चेन, गिअरची तार ही कामे आपले मिस्त्री बिनतक्रार करतात. पण "पायडल मारताना खालून कटकट येते" असे गिऱ्हाईक म्हणाले, की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "हे आपल्याकडे होत नाही, शोरूमला न्या."

हे उत्तर फार महाग पडते. बीबीसाठी शोरूमला गेलेला माणूस तिथेच चेन बदलतो, टायर घेतो आणि पुढच्या वेळी पंक्चरसाठीही तिकडेच वळतो. एका कामाला नाही म्हणताना आपण सगळे गिऱ्हाईकच दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतो. इकडे काळ्या सायकलीचे काम दिवसेंदिवस आटत चालले आहे. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. धंद्याचे वारे कुठल्या दिशेने आहे हे त्यावरून कळावे. त्याच वर्षीच्या टाळेबंदीनंतर शहरांत गिअरच्या सायकली धडाक्याने विकल्या गेल्या. त्या सायकली आता जुन्या झाल्या आहेत, आणि बेअरिंग ही वापराने, पाण्याने झिजणारीच वस्तू आहे. म्हणजे काम आपल्या दाराशी येऊन उभे आहे.

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. दोन्ही क्रँक ज्या एक्सलवर बसतात तो एक्सल, त्याचे कप आणि छर्रे मिळून ही बीबी होते. काळ्या सायकलीची बीबी आपला दहा वर्षांचा पोरगाही ओळखतो : कॉटर पिन ठोकून काढायची, क्रँक उतरवायचे, डाव्या बाजूची रिंग ढिली करून कप सोडायचा, छर्रे वाटीत घ्यायचे. रॉकेलने धुवायचे, खड्डे पडले असतील तर बदलायचे, ग्रीसमध्ये छर्रे बसवून पुन्हा आवळायचे. ज्याला हे जमते त्याला माउंटन बाइकची बीबी अर्धी येतेच. फरक इतकाच की इथे हातोड्याचे काम जवळजवळ संपले आणि त्याची जागा तीन-चार खास हत्यारांनी घेतली.

माउंटन बाइकमध्ये बीबीचे चार प्रकार भेटतात. स्वस्त सायकलीत अजूनही कप आणि छर्रेच असतात, फक्त एक्सलची टोके चौकोनी असतात आणि कॉटर नसते. मधल्या किमतीच्या बहुतेक सायकलींत बंद डब्यासारखी 'कार्ट्रिज' येते. ती उघडायची नसते, खराब झाली की सबंध बदलायची. त्याहून वरच्या सायकलींत बेअरिंग फ्रेमच्या नळीबाहेर दोन कपांत असते आणि पोकळ, जाड एक्सल उजव्या क्रँकला कायमचा जोडलेला असतो. शिमानो कंपनीने २००३ च्या सुमारास आपल्या महागड्या माउंटन बाइकच्या सामानात ही पद्धत आणली आणि नंतर ती खालच्या किमतीतही उतरली. चौथा प्रकार दाबून बसवलेल्या बेअरिंगचा, त्याविषयी शेवटी.

आता मुख्य गोष्ट : बीबी खरोखर गेली आहे का? गिऱ्हाईक "बीबीचा आवाज" म्हणते, कारण आवाज पायाखालून येतो. पण सायकलची फ्रेम तबल्यासारखी असते. एका टोकाची कुरकुर भलत्याच ठिकाणी ऐकू येते. पायडलचे आटे कोरडे असतील, पुढच्या दातेरी चक्राचे बोल्ट ढिले असतील, सीटची दांडी कोरडी असेल, तरी आवाज हुबेहूब बीबीसारखाच येतो. म्हणून आधी सीटवरून उठून पायडल मारायला सांगावे. आवाज थांबला तर दोष वर, सीटकडे आहे. मग पायडल काढून, आटे पुसून, ग्रीस लावून पुन्हा घट्ट बसवावीत. चक्राचे बोल्ट तपासावेत. हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि पुष्कळदा आवाज इथेच बंद होतो.

त्यानेही भागले नाही तर चेन चक्रावरून उतरवून बाजूला ठेवावी आणि क्रँक नुसत्या बोटाने फिरवावा. वाळू दळल्यासारखी खरखर हाताला लागली तर बेअरिंग गेले. मग क्रँक धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवावा. एकच क्रँक हलतो आणि दुसरा स्थिर राहतो, तर तो क्रँक एक्सलवर ढिला आहे. दोन्ही मिळून हलतात, तर प्ले बीबीत आहे. ढिला क्रँक तसाच चालवला तर त्याचे चौकोनी भोक गोलाकार होत जाते आणि मग कितीही आवळा, तो टिकत नाही. क्रँकच बदलावा लागतो. गिऱ्हाईकाला हे तिथल्या तिथे दाखवावे. पन्नास रुपयांच्या कामाला हजाराचे काम सांगणारा मिस्त्री फार दिवस लपत नाही. सायकलवाल्यांचे गट सकाळी एकत्र फिरायला निघतात आणि वाटेत त्यांचे दुसरे बोलणे काय असणार!

चौकोनी एक्सलचे क्रँक काढायला पुलर लागतो. आधी मधला बोल्ट पूर्ण काढावा. तो बहुधा ८ मिलीमीटरच्या ॲलन चावीचा किंवा १४ च्या सॉकेटचा असतो. बोल्टच्या मागे कधीकधी वॉशर अडकून राहतो. तो आत राहिला आणि पुलर लावला, तर पुलर एक्सलऐवजी वॉशरवर दाबतो, आणि क्रँकमधले आटे उपटून हातात येतात. म्हणून बॅटरी मारून भोकात पाहावे. पुलरचा बाहेरचा भाग हाताने शेवटपर्यंत आत फिरवावा, दोन आट्यांवर कधीच जोर लावू नये. क्रँक ॲल्युमिनियमचा, पुलर पोलादाचा. भांडण झाले तर कोण हरणार हे ठरलेले आहे.

कार्ट्रिज काढण्यासाठी वीस दात्यांचा सॉकेट लागतो. इथे नवखे लोक आट्यांच्या दिशेत फसतात. माउंटन बाइकच्या आट्याच्या बीबीत उजव्या म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात आणि डाव्या बाजूचे सुलटे. कारणही समजून घ्यावे, म्हणजे पाठ करावे लागत नाही. एक्सल ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेला, छर्र्यांच्या लोळण्यामुळे, कप हळूहळू सरकू पाहतो. उजव्या कपाला सुलटे आटे असते तर तो चालता चालता आपोआप सुटला असता. इटलीच्या जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्ये दोन्हीकडे सुलटेच आटे असत आणि तिथे उजवा कप ढिला होण्याची तक्रार नेहमीची होती. पायडलचे मात्र याच्या बरोबर उलट आहे : डाव्या पायडलचे आटे उलटे.

शागिर्दाला शिकवताना एक सोपी खूण सांगावी. पाना वर, आकाशाकडे उभा धरावा. बीबीचे कप, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, पान्याचे वरचे टोक पुढच्या चाकाकडे ढकलले की सुटतात. पायडल, कुठल्याही बाजूचे असो, मागच्या चाकाकडे ढकलले की सुटते.

आधी डावीकडची रिंग काढावी, मग उजवीकडून सबंध डबा. पावसात वर्षानुवर्षे भिजलेली बीबी सहजी हलत नाही. पातळ तेल सोडून सायकल रात्रभर आडवी ठेवावी आणि सकाळी हात घालावा. सॉकेट दात्यांवरून घसरून दाते गुळगुळीत होऊ नयेत म्हणून क्रँकचाच बोल्ट मोठा वॉशर घालून सॉकेटवरून एक्सलमध्ये हलका लावावा, म्हणजे सॉकेट जागचा हलत नाही. कप सुटून थोडा फिरला की बोल्ट ढिला करत जावे.

नवी कार्ट्रिज घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. फ्रेमच्या नळीची रुंदी : माउंटन बाइकमध्ये ती ६८ किंवा ७३ मिलीमीटर असते. आटे : कपावर १.३७ गुणिले २४ असे कोरलेले असते. आणि एक्सलची लांबी : ११३, ११८, १२२.५ अशी. हे आकडे बहुधा जुन्या डब्यावरच छापलेले असतात. चिखल पुसून वाचावेत. "थोडी लांब चालेल" असे दुकानदार म्हणाला तरी ऐकू नये. एक्सल लांब झाला की चक्र बाहेर जाते आणि चेन वाकडी चालते. आखूड झाला तर आतले चक्र फ्रेमला घासते. दोन्ही वेळा गिऱ्हाईक आपल्याच दारात परत येते, आणि या खेपेला रागाने.

बसवताना नळीतले आटे चिंधीने स्वच्छ पुसून ग्रीस लावावे. कप बोटांनी निदान तीन-चार आटे जाईपर्यंत पाना हातात घेऊ नये. तिरपा आटा चढला तर बीबी नव्हे, फ्रेम खराब होते, आणि फ्रेमची भरपाई करणे आपल्याला परवडत नाही. उजवी बाजू कड नळीला टेकेपर्यंत आवळावी, नंतर डावी रिंग.

किती आवळायचे? कंपन्या हे न्यूटन-मीटरमध्ये सांगतात आणि त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. तो नसेल तर हिशेब असा : वीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर म्हणजे सुमारे ४० न्यूटन-मीटर, जो चौकोनी क्रँकच्या बोल्टला योग्य आहे. तीस सेंटिमीटरच्या पान्याला तेवढाच जोर म्हणजे ६०, जो कार्ट्रिजला योग्य. वीस किलोचा जोर म्हणजे काय, हे एकदा पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर हाताने दाबून पाहिले की हाताला कायमचे समजते.

छर्र्यांच्या बीबीसाठी निराळे सांगायला नको. प्रत्येक बाजूला पाव इंचाचे अकरा छर्रे सुटे बसतात. पिंजऱ्यातले छर्रे कमी असतात. पिंजरा तुटका असेल तर तो टाकून अकरा सुटे छर्रे भरावेत, बेअरिंग उलट जास्त टिकते. जुन्या-नव्या छर्र्यांची सरमिसळ मात्र करू नये. झिजलेला छर्रा केसभर लहान असतो, मग सगळा भार नव्यांवर येतो आणि ते कपाला खड्डे पाडतात. रिंग आवळताना कप किंचित सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर प्ले पुन्हा पाहावा.

बाहेरच्या कपांची बीबी दिसायला नवीन, करायला सर्वांत सोपी. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट ५ मिलीमीटरच्या ॲलनने ढिले करावेत, प्लॅस्टिकची टोपी काढावी, छोटी पट्टी उचलावी, की क्रँक हाताने निघतो. एक्सल रबरी किंवा लाकडी हातोडीने हलके ठोकून उजवीकडून बाहेर येतो. कपांना सोळा खाचांचा पाना लागतो. कपामागे प्लॅस्टिकच्या रिंगा असतात. किती कुठे होत्या हे काढतानाच लिहून ठेवावे. परत बसवताना ती प्लॅस्टिकची टोपी फक्त बोटांच्या जोराने आवळायची. तिचे काम प्ले घालवणे एवढेच आहे. क्रँक धरून ठेवण्याचे काम त्या दोन बोल्टांचे. टोपी जोराने आवळली की नवे बेअरिंग काही महिन्यांत खरखरू लागते आणि नाव मालाचे खराब होते.

व्यापाऱ्यांनी पुढचा मजकूर लक्षपूर्वक वाचावा. या कपांमधले बेअरिंग काही जादूचे नसते. पुष्कळ कपांत ६८०५ मापाचे, म्हणजे आतून २५, बाहेरून ३७ मिलीमीटरचे बेअरिंग बसते आणि त्यात प्लॅस्टिकची बाही घालून २४ मिलीमीटरचा एक्सल जातो. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे, ०४ पासून पुढे, पाचाने गुणले की आतले माप मिळते : ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. हे यंत्रांचेच नंबर आहेत. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा आपल्या शहरातल्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात ते मागता येतात. मात्र रुंदी मोजून घ्यावी, कारण सहा आणि सात मिलीमीटर असे दोन्ही मिळतात, आणि दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले मागावे. पत्र्याच्या झाकणाचे स्वस्त पडते, पण चिखलात ते टिकत नाही. ज्या गावात सायकलचा वितरक नाही तिथे हा रस्ता फार उपयोगाचा आहे. सायकल व तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराचे बिल कोणी देत असेल तर विचारावे.

पुलर, वीस दात्यांचा सॉकेट, सोळा खाचांचा पाना आणि चांगल्या पोलादाच्या ॲलन चाव्या एवढे सामान साध्या प्रतीचे घेतले तर सुमारे दोन-तीन हजारांत येते. काही गावांत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या आपल्या संस्था आहेत, पण याकरिता तिथेही जाण्याची गरज नाही. दर आठवड्याला थोडे बाजूला टाकले तरी दोन महिन्यांत पेटी भरते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचेच दुकान काढले होते. पुढे त्यांच्या नावाचे कारखाने झाले, ही गोष्ट आपल्या मिस्त्रींच्या मुलांना शाळेत शिकवतात, पण सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली हे क्वचितच सांगतात.

आता कमाईच्या सचोटीचे. बीबी ही वस्तू फ्रेमच्या पोटात असते, गिऱ्हाईकाला ती दिसत नाही. न दिसणाऱ्या कामातच हलाल-हराम ठरते. नुसते ग्रीस भरून "बेअरिंग बदलले" म्हणणारे, किंवा उतरवलेली कार्ट्रिज पुसून दुसऱ्याला नवी म्हणून घालणारे लोक या धंद्यात आहेत. सगळ्यांना माहीत आहेत. मालात ऐब असेल तर तो सांगून विकावा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. जुनी कार्ट्रिज चांगली असेल आणि गिऱ्हाईक गरीब असेल, तर "ही वापरलेली आहे, इतके दिवस चालेल असा माझा अंदाज आहे" असे स्पष्ट सांगून कमी दराने घालावी. त्यात कमीपणा नाही. बदललेला जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा. तो त्याला फेकून देईना का, तो त्याचाच माल आहे, आपल्याकडे अमानत होता. बिलात मालाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहावी. मजुरी लपवण्यासाठी मालाचा भाव फुगवला की गिऱ्हाईक मोबाइलवर भाव पाहते आणि आपली खरी मजुरीही त्याला चोरी वाटू लागते. हुनराचे पैसे हुनराच्या नावाने मागावेत.

बीबी का जाते हेही त्याला सांगावे. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगच्या दुकानातला जोराचा फवारा. हौशी लोक चिखलाने भरलेली सायकल तिथे नेतात आणि तो फवारा रबरी झाकणापलीकडे पाणी घुसवून आतले ग्रीस धुऊन टाकतो. सायकल बादली आणि चिंधीने धुवावी. दुसरे पाणी वरून येते : सीटच्या दांडीजवळून नळीत उतरते आणि खाली बीबीत साचते. भर पावसात फिरणाऱ्याने सीट काढून सायकल उलटी करावी. कधीकधी पेलाभर पाणी निघते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर पावसाळा संपल्यावर एकदा बीबी उघडून पाहणेच बरे.

राहिला चौथा प्रकार. काही महागड्या सायकलींत, विशेषतः कार्बनच्या फ्रेममध्ये, आटे नसतातच. बेअरिंग थेट दाबून बसवलेले असते. ते काढायला व बसवायला खास प्रेस लागतो आणि हातोडीने ठोकले तर लाखाची फ्रेम तडकू शकते. असे काम प्रेस घेईपर्यंत घेऊ नये आणि तसे गिऱ्हाईकाला मोकळेपणाने सांगावे. कंपन्यांनाही या पद्धतीच्या कुरकुरीचा कंटाळा आला असावा, कारण बऱ्याच नव्या फ्रेम पुन्हा आट्यांकडे वळल्या आहेत.

दुकानात ६८ आणि ७३ रुंदीच्या, आपल्या भागात जास्त खपणाऱ्या लांबीच्या दोन-दोन कार्ट्रिज, पाव इंची छर्र्यांचे एक पाकीट आणि ६८०५ ची चार बेअरिंगे ठेवली तर बहुतेक कामे त्याच दिवशी होतात. कोणत्या सायकलीत काय घातले, कोणत्या तारखेला, हे एका शंभर पानी वहीत गिऱ्हाईकाच्या फोन नंबरासह लिहून ठेवावे. मृग लागायच्या आधी त्या वहीवरूनच दहा-वीस फोन करता येतात.